पणजोबांची सनई, पणतीची क्लॅरिनेट



फेब्रुवारीतील दुसरा मंगळवार कतारमध्ये राष्ट्रीय क्रीडा दिन म्हणून पाळला जातो. २०१२ पासून त्या दिवशी देशभर सुट्टी असते, आणि एरवी वातानुकूलित खोल्यांत दडून बसणारी आम्ही माणसे मुलाबाळांसह उघड्यावर येतो. यंदाही समैस्माच्या किनाऱ्यावर आपली काही कुटुंबे जमली. दोहाच्या उत्तरेला, अल खोरच्या वाटेवर असलेले हे जुने कोळ्यांचे गाव. चालणे झाले, दोरीखेच झाली, कांदेपोह्यांचे डबे उघडले, आणि माझ्या लेकीने शाळेच्या बँडसाठी घेतलेली क्लॅरिनेट पेटीतून बाहेर काढली.

तिने दोन-चार सूर लावले असतील नसतील, तोच सोलापूरहून दोन महिन्यांसाठी आलेले माझे वडील खुर्चीवरून उठले आणि कोणाशी काही न बोलता पाण्याच्या कडेने चालू लागले. त्यांना आम्ही आण्णा म्हणतो. वय सत्त्याहत्तर, सहा वर्षांपूर्वी हृदयाची शस्त्रक्रिया झालेली. घरी परतल्यावर मला म्हणाले, "पोरीला फुंकायचंच वाद्य का दिलंस? पेटी द्यायची, तबला द्यायचा. आमच्या बापानं कशापायी टाकली होती ती?"

या सदरात मी आजवर गुडघे, मधुमेह, उन्हाळ्यातील पाणी अशा विषयांवर लिहीत आले. श्वसनाच्या रुग्णांना व्यायाम शिकवणे हा माझा रोजचा पेशा असल्याने क्लॅरिनेटविषयी माझे उत्तर तयार होते: छातीला चांगले असते. ते उत्तर मी आण्णांना दिले नाही, कारण त्यांचा प्रश्न छातीचा नव्हता. पुढे आठ-दहा दिवस आम्ही बोलत राहिलो, तेव्हा कळले की तो छातीचाही होता.

माझे आजोबा सनई वाजवीत. मंगळवेढे तालुक्यातील आमच्या गावी वाजप आमच्या घराकडे होते. सोलापूर, सांगली, सातारा या पट्ट्यात हे काम कोठे मांगांच्या, कोठे होलारांच्या, कोठे महारांच्या वाट्याला आलेले. वाटणी गावागणिक बदले, वागणूक बदलत नसे. लग्नाच्या आदल्या रात्रीपासून वरात परतेपर्यंत वाजवायचे, तेही मांडवाबाहेर उभे राहून. सनईचा सूर देवघरापर्यंत गेला तरी कोणाचे काही बिघडत नसे. सनई धरणारा हात ओसरीलाही लागलेला चालत नसे. जेवण सर्वांत शेवटी, उरले तर.

सनई जोडीने वाजते. एक जण चाल वाजवतो, दुसरा एकच स्वर न तोडता धरून ठेवतो. त्यालाच 'सूर' धरणे म्हणतात. आण्णा सातव्या-आठव्या वर्षी बापामागे सूर धरून उभे राहत. सूर तुटला की डोक्यावर टपली बसे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा झाली आणि पुढच्या उन्हाळ्यात, ऐन लग्नसराई तोंडावर असताना, आजोबांनी सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. गावाने बोलणे टाकले, काही काळ मजुरीही बंद केली. आजोबांनी पुन्हा ती खाली काढली नाही. वाचकांपैकी अनेकांच्या घरी अशी एखादी टाकलेली वस्तू असेल: हलगी, ताशा, घुंगरांची काठी. त्या टाकण्याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे.

आता छातीकडे येऊ.

शांत बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला बारा ते सोळा वेळा श्वास घेतो आणि दर खेपेला साधारण अर्धा लिटर हवा आत-बाहेर करतो. फुप्फुसांत मात्र पाच-सहा लिटर हवा मावते. असलेल्या जागेचा फार थोडा भाग आपण रोज वापरतो. वाद्य फुंकताना हा हिशेब बदलतो. श्वास क्षणार्धात, खोलवर घ्यावा लागतो आणि मग तो आठ, दहा, पंधरा सेकंद बारीक धारेने सोडावा लागतो. एरवी श्वास सोडणे आपोआप घडते. ताणलेली छाती सैल होते एवढेच. वादकाला ते सैल पडणे आवरून धरावे लागते आणि शेवटी पोटाच्या स्नायूंनी हवा ढकलावीही लागते. दम्याचे किंवा विडीने छाती गेलेले रुग्ण माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना पहिली गोष्ट हीच शिकवते: ओठ मुडपून, मेणबत्तीची ज्योत न विझवता नुसती हलवावी तशी, हळूहळू हवा सोडा. त्याने बारीक श्वासनलिका मिटत नाहीत आणि आत अडकलेली हवा बाहेर येते. क्लॅरिनेट शिकणारे मूल हेच करीत असते. फक्त त्याला कोणी रुग्ण म्हणत नाही.

सर्व वाद्यांची मागणी सारखी नसते. बासरीला हवा पुष्कळ लागते आणि दाब कमी. बरीचशी हवा फुंकेच्या छिद्राबाहेरच निसटते, म्हणून नवशिक्याला चक्कर येते; भराभर श्वास सोडल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड उतरतो, त्याचा तो परिणाम. अशा वेळी बासरी खाली ठेवून दोन मिनिटे स्वस्थ बसावे, इतकेच. सनईचे याच्या उलट. दुहेरी पत्तीच्या फटीतून हवा जाते अगदी थोडी, पण दाब मोठा द्यावा लागतो. त्यामुळे सनईवाल्याचा दम संपतो तो हवा संपली म्हणून नव्हे. छाती भरलेलीच असते. आतली हवा शिळी झालेली असते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातील ओबो वाजवणाऱ्यांचीही हीच अडचण, आणि त्यांना ती वेगळी शिकवावी लागते. मी हे आण्णांना मोठ्या हौसेने समजावून सांगू लागले, तर ते मध्येच म्हणाले, "आधी शिळी सांडायची, मग ताजी भरायची. भरल्या घागरीत कुठं पाणी वततीस?" सात वर्षांच्या मुलाला टपल्या खाऊन जे समजले होते, ते मला पदवीनंतर पुस्तकात सापडले.

न तुटणारा सूर कसा धरत, हेही त्यांनी सांगितले. गालांत हवा साठवायची. ती गालांनी दाबून पत्तीत सोडत असतानाच नाकाने श्वास घ्यायचा. जव्हार-डहाणूकडचे वारली वादक तारप्यावर हेच करतात. नाच रात्रभर चालतो आणि तारपा थांबत नाही. जव्हार तालुक्यातील भिकल्या लाडक्या धिंडा नव्वदीच्या घरातही तारपा वाजवीत राहिले. बिस्मिल्ला खाँ २००६ मध्ये गेले तेव्हा नव्वद वर्षांचे होते. अशी उदाहरणे घेऊन 'सनईने आयुष्य वाढते' असे संदेश आपल्या गटांतही फिरतात. मी ते पुढे पाठवत नाही. वाजवणारे दीर्घायुषी होतात की दीर्घायुषी माणसेच अखेरपर्यंत वाजवू शकतात, हे दोन-चार नावांवरून ठरत नाही.

माझ्याच आजोबांचे पाहा. ऊर रुंद होता, आवाज वेशीपर्यंत जाई. पण साठी त्यांनी गाठली नाही. विडी होती, लग्नसराईतील सलग जागरणे होती, उरलेसुरले अन्न होते. एकच सनई तिघे-चौघे आळीपाळीने तोंडाला लावीत आणि खोकला घरभर फिरे. फुंकण्याने छातीचे स्नायू कमावले जात होते, हे खरे. बाकीचे सगळे ते शरीर झिजवायलाच बसले होते. व्यायाम आणि राबणूक यांत स्नायूंची हालचाल तीच असते. शरीराला मात्र विश्रांती, अन्न आणि थांबण्याची मुभा मिळते की नाही यावर पुढचे सारे ठरते.

फुंकण्याच्या फायद्याचा जो भक्कम पुरावा मला ठाऊक आहे, तो अनपेक्षित दिशेने आला. ऑस्ट्रेलियातील आदिवासींचे डिजरिडू नावाचे लांब, पोकळ लाकडी वाद्य असते. त्यातही गालांत हवा साठवून अखंड वाजवावे लागते. स्वित्झर्लंडमध्ये ते शिकवणाऱ्या एका शिक्षकाला जाणवले की वाजवू लागल्यापासून आपले घोरणे कमी झाले आहे. झुरिकच्या संशोधकांनी हे मनावर घेतले. झोपेत श्वास अडण्याचा मध्यम स्वरूपाचा विकार असलेली पंचवीस माणसे निवडली. चौदा जणांना चार महिने शिकवणी दिली, अकरा जणांना प्रतीक्षेत ठेवले. शिकणाऱ्यांनी आठवड्यात सरासरी जवळपास सहा दिवस, दिवसाला पंचवीस मिनिटे सराव केला. त्यांची दिवसाची पेंग कमी झाली, झोपेत श्वास अडण्याचे प्रमाण घटले आणि जोडीदारांची झोपमोडही कमी झाली. हा अभ्यास २००६ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला आणि २०१७ मध्ये त्याला इग नोबेल मिळाले. आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला ते देतात. कारण समजण्यासारखे आहे: घशाच्या वरच्या भागातील स्नायू सैल पडून वाट मिटते, तेच स्नायू या सरावाने घट्ट होतात.

आपल्या मंडळींत सीपॅपचे यंत्र उशाशी घेऊन झोपणारे मला चार-पाच जण ठाऊक आहेत. त्यांनी यंत्र काढून बासरी हाती घ्यावी, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. पंचवीस माणसांचा अभ्यास दिशा दाखवतो, उपचार बदलत नाही.

आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. वाद्य फुंकणे हा चालण्याला पर्याय नाही. बसून क्लॅरिनेट वाजवताना शरीर जी ऊर्जा खर्च करते, ती निवांत बसण्याच्या साधारण दुप्पट. झपाझप चालताना ती चौपटीच्या आसपास जाते. त्यामुळे वजन उतरेल, साखर आटोक्यात येईल, अशी अपेक्षा वाद्याकडून ठेवू नये; बँडबरोबर कूच करीत वाजवले तर गोष्ट निराळी. तरीही या देशात त्याचे एक स्थान आहे. १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी दहा ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावर काम करण्यास बंदी असते. २०२१ पासून हे तास लागू आहेत. म्हणजे सरकारनेच मान्य केले आहे की बाहेरची हवा माणसाला सोसणारी नसते. त्यात शमाल वाऱ्याची धूळ. त्या साडेतीन महिन्यांत आपली मुले पडद्यासमोर पाठ वाकवून बसतात आणि श्वास उथळ होत जातो. वीस मिनिटे ताठ बसून किंवा उभे राहून वाजवणे हा तेव्हा घरातल्या घरात होणारा मोजका, पण खरा व्यायाम आहे.

जपायच्या गोष्टीही आहेत. ट्रम्पेट किंवा ओबोसारख्या जोर लागणाऱ्या वाद्यांनी वाजवतेवेळी डोळ्यातील दाब वाढतो; काचबिंदू असलेल्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नयेत. हर्निया असेल, नुकतीच छातीची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर जखम भरून डॉक्टरांनी होकार देईपर्यंत फुंकू नये. वाद्य आतून पुसून, वाळवून ठेवावे. इंग्लंडमध्ये बॅगपाइप वाजवणारे एक गृहस्थ पिशवीत वाढलेल्या बुरशीमुळे फुप्फुसे सुजून दगावले. त्यांची हकिकत २०१६ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात आली आहे. आणि तोंडाला लावायची गोष्ट ज्याची त्याने वापरावी, भावंडांतही. येथील कोरड्या, वातानुकूलित हवेत लाकडी क्लॅरिनेटला चीर जाते. मुलांना प्लॅस्टिकची घ्या, सुरात काही उणे पडत नाही. वयस्करांना मी माउथ ऑर्गन सुचवते. तो श्वास घेतानाही वाजतो आणि सोडतानाही, खिशात मावतो आणि शेजाऱ्यांची तक्रार येत नाही.

ज्या किनाऱ्याने आण्णा त्या दिवशी चालत गेले, तेथेही कोणे एके काळी श्वासावर पोट भरले जाई. खनिज तेलाच्या आधी ही सारी किनारपट्टी मोत्यांवर जगत होती. नाकाला चिमटा लावून, पायाला दगड बांधून पाणबुडे खाली जात आणि मिनिट-दीड मिनिट दम धरून शिंपले गोळा करीत. उन्हाळाभर रोज कितीतरी बुड्या. उचल घेतलेली असे, ती फिटत नसे, आणि कर्जापायी पुढच्या हंगामातही त्याच नाखव्याच्या होडीवर जावे लागे. कित्येक पाणबुडे तर गुलामच होते. कतारमध्ये गुलामगिरी १९५२ मध्ये कायद्याने संपली. दोहाच्या मशेरिब भागात बिन जल्मूद हाउस हे या विषयाचे संग्रहालय आहे. २०१५ पासून ते खुले आहे. आण्णांना आम्ही तेथे नेले. ते प्रत्येक फलकापाशी थांबत होते आणि नातीकडून अर्थ विचारून घेत होते.

परतीच्या वाटेवर मी त्यांना लेवा नाचाविषयी सांगितले. पूर्व आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी तो आखाती किनाऱ्यावर जपला. त्यात ढोलांच्या मधोमध एक जण लाकडी, दुहेरी पत्तीचे वाद्य अखंड वाजवतो. त्याचे नाव सरनाय. मी फोनवर एक ध्वनिचित्रफीत लावली. आण्णांनी फोन कानाशी धरला, बराच वेळ ऐकले आणि म्हणाले, "ही आपलीच हाय की. गाल बघ त्याचं." नाव फारसीतून दोन्हीकडे गेले असावे. फुंकणाऱ्यांचे गावातील स्थानही दोन्हीकडे फार वेगळे नव्हते. आज मात्र तेथे ते वाजवणारे कोणाच्या दारात उभे नसतात. आपल्या माणसांच्या मधोमध असतात.

त्यावर आण्णा लगेच काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना नातीला म्हणाले, "वाजीव. पर कुणाच्या दारात न्हाई."

एका उपासक बंधूंनी मला विचारले की उपोसथाच्या दिवशी वाद्य वाजवणे कसे. अष्टशील घेतले असेल तर त्या दिवशी नृत्य, गीत, वादन यांपासून दूर राहायचे असते. एक दिवस वाद्य पेटीत राहिले तर काही बिघडत नाही. रोजच्या पंचशीलात अशी अट नाही. बाबासाहेबांनी स्वतः उतारवयात व्हायोलिनचे धडे घेतले होते. आणखी काही जण म्हणतात, बासरी म्हणजे आनापानसतीच झाली. मला ते पटत नाही. आनापानसतीत श्वास जसा आहे तसा पाहायचा असतो. वादक तर तो वाकवतो, रोखतो, खर्च करतो. एकाने दुसऱ्याची जागा घेऊ नये. दोन्ही करणाऱ्याला श्वासाची ओळख दुहेरी होते, इतके म्हणता येईल.

घरी आता संध्याकाळी एक वेगळाच वर्ग भरतो. पाण्याने अर्धा भरलेला पेला आणि एक स्ट्रॉ. नात स्ट्रॉने पाण्यात बुडबुडे काढते आणि ते न थांबवता नाकाने श्वास घ्यायचा प्रयत्न करते. हवा आत जाताना बुडबुडे तुटले की दोघेही हसतात. आण्णा स्वतः पेला हाती घेत नव्हते. शस्त्रक्रियेला सहा वर्षे झाली आहेत, तपासण्या ठीक आहेत, शिवाय पाण्यात बुडबुडे काढायला सनईइतका जोर लागत नाही, असे मी त्यांच्या डॉक्टरांना विचारून सांगितले, तेव्हा घेतला. पहिल्या खेपेला तुटले. दुसऱ्या खेपेला मी घड्याळ लावले: एकेचाळीस सेकंद. गाल फुगलेले, डोळे मिटलेले, आणि डावा हात पेल्यावर नसून छातीसमोर, भोके मिटायला ठेवावा तसा धरलेला. लेक अजून सात सेकंदांवर अडकली आहे.

ते पुढल्या महिन्यात परत जातील. परवा रात्री त्यांनी धाकट्या भावाला फोन करून माळ्यावर चढायला लावले. भाऊ बऱ्याच वेळाने धूळ झटकत खाली आला. सनई आहे, म्हणाला, फडक्यासकट. पत्ती मात्र किड्यांनी खाल्ली आहे.

"पत्ती मिळंल," आण्णा म्हणाले. "लाकडाला चीर हाय का, ते बघ."